डोळ्यात तिखट गेल्याचा कागद

दर्शना परबचं उजवं मनगट पूर्ण वळत नाही. कुलपात किल्ली फिरवायची तर ती डाव्या हाताने फिरवते. कॅमेराही डाव्या हातातच धरते. सात वर्षांपूर्वी तिच्या वडिलांनी, रामजीने, तिचा पहिला कॅमेरा चाळीच्या दगडी पायरीवर आपटला. तो वाचवायला तिने हात मध्ये घातला आणि दुसरा तडाखा हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या दारात ऐकू आला. सुकी काटकी मोडावी तसा. दर्शना तेव्हा एकवीस वर्षांची होती. ती रडली नाही. तिने फुटलेल्या कॅमेऱ्यातलं कार्ड डाव्या हाताने काढलं, ब्लाउजच्या आत टाकलं आणि एकटीच इस्पितळात चालत गेली.

आमची चाळ लालबागला, मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. दुसऱ्या मजल्यावर तेवीस नंबरची खोली माझी, चोवीस परबांची. मध्ये एकच भिंत. रामजी खालच्या डंकावर, म्हणजे मिरची-मसाला कुटायच्या यंत्रावर, तीस वर्षं कामाला होता. त्याची बायको मीराबाई तिथेच मिरच्यांची देठं खुडायची. दर्शना त्यांची एकुलती एक. कॉमर्स झाली, आणि मग दादरच्या एका स्टुडिओत लग्नांच्या व्हिडिओचं एडिटिंग करायला लागली. लोकांना जे नको असेल ते कापायचं, हे तिचं काम. सासरा सुनेवर खेकसला, नवरदेवाने कुणाच्या तरी कानाखाली दिली, की तो तुकडा काढून टाकायचा. दर्शनाने सहा वर्षांतले असे काढलेले तुकडे एका डिस्कवर जपून ठेवले होते. एकदा मी विचारलं, हे कशाला? म्हणाली, "नाना, फेकायला जीव होत नाही. खरं तेवढंच असतं त्यात."

गेल्या मार्चमध्ये एका शनिवारी सकाळी ती लॅपटॉप आणि स्टूल घेऊन माझ्या दारात आली.

"नाना, अख्ख्या चाळीचे अर्ज तुम्ही काढता. आता एक माझा पण काढा."

चित्रपट शिकवणाऱ्या एका संस्थेच्या पदव्युत्तर दिग्दर्शन अभ्यासक्रमाची लेखी परीक्षा ती पास झाली होती, घरात कुणाला न सांगता. आता हजार शब्दांचं स्वतःविषयीचं निवेदन द्यायचं होतं. आपण कोण, सिनेमा का करायचा आहे, हे सगळं त्यात. भाषा कुठलीही चालेल. शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत ते वेबसाइटवर चढवायचं. वयाची अट पाहता ही तिची शेवटची संधी होती. शिवाय रामजीने तिचं लग्न गावच्या एका दुकानदाराशी ठरवायला घेतलं होतं. तशी बोलणीही झाली होती.

मी बी. कॉम. आहे. एका खाजगी कंपनीत नोकरी करतो, येत्या ऑक्टोबरात निवृत्त होईन. बावीस वर्षं चाळ कमिटीचा चिटणीस होतो. शाळेचे प्रवेश, रेशनकार्ड, गिरणी कामगारांची घरं, सगळे अर्ज माझ्याच टेबलावर झाले. माझे दोन नियम आहेत. प्रत्येक कागदाची प्रत ठेवायची, आणि ज्याची बाब आहे त्याची सही झाल्याशिवाय कागद घराबाहेर जाऊ द्यायचा नाही.

रविवारभर बसून मी मसुदा केला. दर्शनाने तो मोठ्याने वाचला. "महोदय, मी खाली सही करणारी कुमारी दर्शना रामजी परब, राहणार लालबाग, आपणास नम्र विनंती करते की, मला बालपणापासून चित्रपट या माध्यमाची आवड असून..." इथे तिला हसू आवरेना.

"नाना! रेशनकार्डात नाव चढवायचंय का माझं?"

"का, काय चुकलं?"

"चुकलं काहीच नाही. तोच तर लोचा आहे." तिने कागद नीट घडी करून माझ्यासमोर ठेवला. मग म्हणाली, "तुमच्याकडे मे दोन हजार सहाची फाईल असेल ना?"

मी मसुदा खणात टाकला.

"आईच्या डोळ्याचा कागद. तुम्ही लिहिलेला. प्रत असेलच तुमच्याकडे."

होती.

चौदा मे दोन हजार सहा, रविवार. मसाल्याचा ऐन हंगाम होता. दुपारी रामजी जेवायला घरी आला. हातात घरच्यासाठी भरून आणलेलं पितळी मापटं होतं, ताज्या तिखटाचं. कढी थंड होती. एवढंच कारण. भिंतीपलीकडून आधी ताट आपटल्याचा आवाज आला, मग मीराबाईचा, मग मापट्याचा. मापट्याची कड तिच्या डाव्या डोळ्यात गेली. आतलं सगळं तिखट जखमेवर सांडलं. ती एकदाच ओरडली, पुढे नुसता घशातून वारा निघत होता. आम्ही सहा जण गॅलरीत जमलो होतो. तिखट हवेत उडून गॅलरीपर्यंत आलं. सगळे खोकत होते, शिंकत होते, डोळे पुसत होते. आत कुणी गेलं नाही. "नवरा-बायकोचं आहे," असं कुणीतरी म्हणालं. कोण ते मला आठवत नाही. मी नाही, असं मला खात्रीने सांगता येत नाही. रामजी बाहेर आला, सामायिक नळाखाली त्याने हात धुतले आणि परत कामावर गेला.

इस्पितळातल्या पोलीस चौकीला दुसऱ्या दिवशी कागद हवा होता. मीराबाईचा भाऊ गावाहून आला होता. तो म्हणाला, अपघात झाला असंच लिहा, भावोजी आत गेले तर खोली जाईल, पोरीला घेऊन ही कुठे राहील? मीराबाई अर्धं तोंड बांधलेल्या अवस्थेत खाटेवर होती. ती म्हणाली, "तसाच लिवा, नाना." मग मी लिहिलं: "सदर महिला घरी मसाला कुटत असताना अपघाताने तिखट डोळ्यात उडाले व घाईत भांड्याची कड लागली. कोणाविरुद्ध तक्रार नाही." आमच्या गल्लीत तिखट डोळ्यात जाणं रोजचं. हवालदाराने दुसरा प्रश्नच विचारला नाही. डोळा पंधरा दिवसांत गेला.

फाईल काढायला मला दोन मिनिटं लागली. दर्शनाने कार्बनची निळी प्रत उजेडात धरून वाचली.

"अक्षर मात्र झकास आहे तुमचं."

"दर्शना..."

"मी वर होते, नाना. पोटमाळ्यावर."

अठरा वर्षं मला वाटत होतं की पोरगी तेव्हा खाली खेळायला गेली होती.

"ह्याची झेरॉक्स मी निवेदनाला जोडणार," ती म्हणाली. "खाली तुमची सही आहे. ती दिसेल. चालेल?"

मी चष्मा काढून पुसला, परत घातला. "जोड," म्हटलं.

सोमवार ते शुक्रवार तिने सुट्टी टाकली आणि माझ्याच टेबलावर बसून लिहिलं. तिच्या घरी ते शक्य नव्हतं. मी ऑफिसला जाताना किल्ली तिच्याकडे देत होतो. रामजीला वाटे, ती कामावर गेली आहे. संध्याकाळी मी आलो की ती लिहिलेलं वाचून दाखवी आणि बहुतेक सगळं पुसून टाकी. बुधवारी पलीकडे रामजीने भिंतीवर काहीतरी फेकून मारलं, माझ्या बाजूचं कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं. तिने ते उचलून टेबलावर उलटं ठेवलं आणि लिहिणं चालू ठेवलं.

शुक्रवारी दुपारी निवेदन झालं. त्यातला मधला भाग असा होता:

"मी पोटमाळ्यावर पालथी पडले होते. दोन फळ्यांमध्ये बोटभर फट आहे. त्या फटीतून मला आईचा भांग, बाबांचं टक्कल आणि मापट्याची कड दिसत होती. चेहरे दिसत नव्हते. मापटं खाली आलं तेव्हा ते फटीच्या बाहेर गेलं. आवाज मात्र आला. मग खोली लाल झाली आणि मला शिंक आली. मी नाक दाबून धरलं. शिंकले असते तर बाबांनी वर बघितलं असतं. आई खाली तडफडत होती आणि मी शिंक दाबत होते. दुसऱ्या दिवशी शेजारच्या नानांनी लिहिलेला कागद सोबत जोडला आहे. त्या कागदात पोटमाळा नाही, बाबा नाहीत, मीही नाही. फटीच्या बाहेर जे झालं ते मी रोज ऐकते, पण मला ते अजून कुणाला दाखवता आलेलं नाही. ते दाखवायला शिकायचं आहे."

तिने एक प्रिंट मला दिली आणि निळ्या प्रतीची झेरॉक्स काढायला खाली गेली. पाच वाजत आले होते. मी अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आलो होतो. आणि इथे माझी चूक झाली.

कागद हातात होता आणि बाब मीराबाईची होती. डोळा तिचा, नाव तिचं. तिची सही नाही, तिला माहितीही नाही. बावीस वर्षांची सवय. रामजी दाढी करायला सलूनमध्ये गेल्याचं मी पाहिलं होतं. मी प्रिंट आणि पेन घेऊन चोवीस नंबरात गेलो.

मीराबाई चहा गाळत होती. एका डोळ्याने अंतर कळत नाही म्हणून ती कपाच्या काठावर बोट ठेवते आणि बोटाच्या अंदाजाने ओतते. मी म्हटलं, दर्शनाने तुमच्याविषयी लिहिलंय, बाहेर पाठवायचंय, तुम्हाला वाचून दाखवतो.

"वाचा," ती म्हणाली. "कान दोनय शाबूत आसत."

मी वाचलं. पोटमाळ्याशी आलो तेव्हा तिचं बोट कपावरच राहिलं.

"म्हणजे ता वर होता?" पोरीबद्दल ती विचारत होती. मी मान हलवली. "शिंक दाबून?"

"हो."

ती काही बोलणार होती, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. मला सलूनच्या पावडरीचा वास आला. रामजी दारात उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. चौसष्ट वर्षांचा, पण तीस वर्षं पोती उचललेला माणूस.

"वाच की पुढे," तो म्हणाला. "थांबलास कशाला? मोठ्याने वाच. गल्लीला ऐकू जाऊंदे."

त्याने कागद हिसकावून टराटरा फाडला. मग दाराला लावायचा लाकडी आडणा उचलला. मी म्हटलं, "रामजी, ठेव तो."

"तू मधी पडू नको, नाना. तेव्हा नाय पडलास, आता कशाक?"

आडणा माझ्या डाव्या खांद्यावर बसला. गळ्याखालचं हाड मोडलं तेही मला ऐकू आलं. मी कसाबसा गॅलरीत आलो आणि दाराशेजारी भिंतीला टेकून खाली बसलो. तो माझ्या उघड्या खोलीत गेला, लॅपटॉप उचलला आणि गॅलरीतून खाली फेकला. दर्शना त्याच वेळी चौकातून येत होती. लॅपटॉप तिच्यापासून चार हातांवर नळाच्या ओट्यावर फुटला. ती वर पाहून जिन्याकडे धावली. मी ओरडलो, "वर येऊ नको!" पण ती आलीच.

रामजीने तिला चोवीस नंबराला लागूनच असलेल्या जिन्याच्या तोंडाशी केसांत धरलं.

"बापाक चव्हाट्यावर मांडतंस काय गो?"

"मांडणार!"

त्याने तिचं कपाळ गॅलरीच्या लोखंडी कठड्यावर आपटलं. एकदा. परत विचारलं, "मांडशील?" ती म्हणाली, "हो." दुसऱ्यांदा आपटलं. कठड्यावरून रक्त खाली ठिबकायला लागलं. गॅलरी माणसांनी भरली होती, अठरा वर्षांपूर्वी भरली होती तशीच. फरक एवढाच की माझ्यानंतर चिटणीस झालेला अवधूत मोबाइल समोर धरून चित्रण करत होता.

रक्ताने तिचा एक डोळा मिटला होता. तिने दुसऱ्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं.

"अवधूत, शूट काय करतोस भिकारड्या! धर त्याला!"

अवधूत कुणीतरी झोपेतून उठवल्यासारखा दचकला. मोबाइल खिशात टाकून त्याने रामजीची कंबर मागून धरली. रामजीने कोपर मारून त्याचा ओठ फाडला, पण केसांची पकड सुटली. मी बसल्या जागेवरून पुढे सरकलो आणि रामजीच्या पायाला उजव्या हाताने विळखा घातला. त्याने माझ्या तोंडावर लाथ मारली. एक दात तुटला तो मी गिळला, असं नंतर डॉक्टर म्हणाले. आम्ही तिघे एकमेकांत गुंतून चोवीस नंबराच्या दारातून आत पडलो.

मग मीराबाईने काय केलं ते मी नीट पाहिलं. तिने चहाचं गरम भांडं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, ओतते. रामजीलाही तसंच वाटलं, तो दोन पावलं मागे सरला, मोरीपर्यंत. तिने भांडं ओतलं नाही. ते एका हातात तसंच रोखून दुसऱ्या हाताने अवधूतला आणि मला कॉलरला धरून एकेक करत बाहेर ओढलं, भांडं आतल्या जमिनीवर ठेवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली.

"आता रव थंयच!"

आतून त्याने दारावर आडणा मारायला सुरुवात केली. खालचा डंक आणि वरचं दार एकाच तालात आपटत होतं.

पाच वीस झाले होते. दर्शना गॅलरीच्या फरशीवर बसली. ओढणी कपाळाला बांधली, तरी रक्त पाझरत होतं.

"अवधूत, मोबाइल दे."

"आधी टाके घालायला चल."

"सहाला बंद होतं ते. दे म्हणते ना!"

निवेदन तिने दुपारीच स्वतःला मेल करून ठेवलं होतं. झेरॉक्स तिच्या मुठीत चुरगळली होती. तिने ती मांडीवर सपाट केली आणि फोटो काढला. बोट ओलं असल्यामुळे पडदा दाबला जाईना. तिने बोट अवधूतच्या शर्टाला पुसलं. परत दाबलं. दारावर घाव चालूच होते.

मी विचारलं, "शेवटी काही घालायचं का? आजचं?"

"नको. आजचं वेगळं लिहीन."

पाच वाजून एक्केचाळीस मिनिटांनी ते गेलं. तिने मोबाइल अवधूतला परत दिला. "आता तो मघाचा व्हिडिओ कापू नकोस," म्हणाली. "पोलिसांना दे."

पोलीस आले तेव्हा दाराची वरची फळी फुटली होती. हवालदाराने दर्शनाचं कपाळ पाहिलं, माझा लोंबता हात पाहिला आणि वहीत तारीख टाकून सवयीने विचारलं, "काय, जिन्यात पाय घसरला?"

"कागद द्या," मी म्हटलं. "मी लिहून देतो."

मीराबाईने जुन्या साडीचा पट्टा माझ्या गळ्यात बांधून डावा हात अडकवला होता. उजवा हात चालत होता. मी वेळ लिहिली, आडणा लिहिला, कठडा लिहिला, तो दोनदा लिहिला. संपवणार तेवढ्यात मीराबाई म्हणाली, "आधीचाय लिवा." म्हणजे आधीचंही लिहा. मग मी पुढे लिहिलं की चौदा मे दोन हजार सहा रोजी मापटं रामजी परब याने मारले, मी स्वतः ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या हस्ताक्षरात दिलेला कागद खोटा आहे.

हवालदार म्हणाला, "काका, हे लिहिलंत तर तुमच्यावर पण येईल."

"येऊ दे."

सहीची जागा मीराबाईच्या अंदाजाला येईना. तिने कपाच्या काठावर ठेवते तसं डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवलं आणि बोटाला लागून सही केली.

दर्शनाला नऊ टाके पडले. रामजी जामिनावर सुटून गावी आहे, केस चालू आहे. मलाही एकदा जबाबाला बोलावलं, पुढे काय होईल माहीत नाही. मुलाखतीचं पत्र मे महिन्यात आलं. ती कपाळावरचा व्रण न झाकता गेली.

परत आल्यावर तिने मला सांगितलं. समोर तिघं जण होते. त्यांच्यातल्या एका बाईंनी झेरॉक्स उचलून विचारलं, "हा कागद लिहिणारे गृहस्थ कोण?"

"मी सांगितलं, आमचे नाना. शेजारीच राहतात."

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, अजून बोलतेस त्यांच्याशी? मी म्हटलं, निवेदन त्यांच्याच टेबलावर लिहिलं. लॅपटॉप ठेवायला जागा करताना तेच फायली बाजूला करत होते."

"आणि?"

"आणि काय, नाना! त्यांनी लिहून घेतलं काहीतरी."

जुलैत तिचं नाव यादीत आलं. निघायच्या दिवशी मीराबाई तिची बॅग घेऊन जिन्यापर्यंत गेली. कठड्याला एक हात लावून, एकेक पायरी पायाने चाचपत खाली उतरली. मी वर येऊन फाईल काढली. दर्शनाच्या निवेदनाची प्रत मे दोन हजार सहाच्या निळ्या कागदाला टाचली आणि दोन्हींवर एकच क्रमांक घातला.